सोमी मावशीचं दुसरं दहावं

भागीरथीला बियर प्यायची होती. हे वाक्य टोकावड्याच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं असतं, तर आधी स्वतःचा कान साफ केला असता आणि मग सांगणाऱ्याची चांगली हजेरी घेतली असती. कारण गावात दारूबंदी झाली ती हिच्यामुळं. नदीकाठी करवंदीच्या जाळ्यांत लपवलेली हातभट्टीची पिंपं हिनं बायका गोळा करून कुऱ्हाडीनं फोडली होती. ती बाई पन्नाशी उलटल्यावर समुद्रकाठच्या गावाला जाऊन, रात्रीचा मुक्काम करून, बियर पिणार म्हणे! पण खरंच होतं ते. बाईच्या मनात काय शिजतंय हे तिच्या चुलीलासुद्धा कळत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सोडाच.

आणि तिला काही पिण्याची हौस आली नव्हती. एकच ग्लास हवा होता, तोही लेकीच्या हातचा.

लेक म्हणजे दिपाली, एकुलती. कल्याणच्या कॉलेजात जिवाणू आणि बुरशीचं शास्त्र शिकली आणि अलिबागला नोकरीला लागली. घरी सांगितलं, खाण्यापिण्याच्या वस्तूंची कंपनी आहे. ते खोटं नव्हतं, त्यात खाण्याचं तेवढं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या एकानं मोबाइलवर फोटो आणून दाखवला. चकचकीत टाकीपुढं दिपाली हसत उभी, हातात सोनेरी ग्लास आणि मागं बियरची पाटी. तिच्या बापानं, कुंडलिकनं, तो फोटो बराच वेळ पाहिला. मग लेकीला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "ज्या घरातनं माजा भाव दारूनं नेला, त्या घरची पोर दारू करते? या उंबऱ्याला पाय लावू नको."

कुंडलिकला बोल लावून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याचीही बाजू होती. धाकटा भाऊ कमळाकर त्याच्या मांडीवर गेला. मुरबाडच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच रक्त ओकला आणि सरळगाव यायच्या आत संपला. लॉकडाऊन लागलं त्याच्या आदल्या थंडीतली ही गोष्ट. मागं उरली त्याची बायको अनिता. मूलबाळ नाही, माहेरी कुणी विचारत नाही. तेव्हापासून ती याच घरात, भागीरथीच्या हाताखाली. पिंपं फोडायला निघालेल्या बायकांत सगळ्यात आधी दगड अनितानं मारला होता.

दिपालीही बापाचीच लेक. पाय लावू नको म्हटल्यावर तिनं लावला नाही. भागीरथी मात्र अडकित्त्यातल्या सुपारीसारखी मधे सापडली. नवऱ्याचं दुःख खोटं म्हणवेना, लेकीचं काम वाईट म्हणवेना. कुंडलिक मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला गेला आणि अनिता रानात गेली, की ती परसातल्या आंब्याखाली फोन घेऊन बसायची.

"क्राफ्ट बियर म्हंजे काय गो?" तिनं एकदा विचारलं.

"बाजारचे पापड आणि घरचे पापड, यात फरक असतो ना? तसं," दिपाली म्हणाली. "थोडीच करायची, हातानं करायची. दर खेपेची चव वेगळी."

भागीरथीला पापड समजले. दारू पापडासारखी कशी काय, ते समजलं नाही. पण लेक उत्साहानं बोलते आहे एवढ्यावर तिचं पोट भरायचं.

या खेपेला दिपालीनं घरचा तांदूळ मागवला, झिनी. भागीरथीनं तो मुरबाडला दिपालीच्या मैत्रिणीकडं, प्रियांकाकडं, नेऊन दिला आणि घरी सांगितलं की दुकानदाराला वानगी दिली. त्या तांदळाची बियर झाली. तिला नावसुद्धा झिनीच ठेवलं. शनिवारी संध्याकाळी तिचं पहिलं पिंप उघडायचं होतं. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी दिपाली शिलाँगला निघणार होती, तीन वर्षांच्या नोकरीवर. शिलाँग कुठं ते भागीरथीनं शेजारच्या मीनाच्या नातवाच्या नकाशात पाहिलं. अलिबागवरचं बोट उचलून तिथं ठेवलं, तर मधे सगळा देश राहिला.

"आई, तू एकदा ये," दिपाली म्हणाली होती. "एका रात्रीपुरती ये. बाबांना मी नाही समजावू शकत. पण तू चाख आणि मला सांग, काकाला मारलं ते हेच का. नाही म्हणालीस तर मी सुखानं जाईन. हो म्हणालीस तरी रागावणार नाही. पण चाखून सांग."

तेव्हापासून भागीरथीच्या जिवाला एकच घोर लागला. तिला लेकीच्या तोंडाकडं बघून सांगायचं होतं, नाय गो, ही ती नाय. चव कशीही लागली तरी ती हेच सांगणार होती, हे तिचं तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. फोनवर सांगून भागलं नसतं. फोनवर माणूस काहीही बोलतं, आणि पोरीला ते माहीत होतं.

मग बेत सुरू झाला. टोकावड्याहून पहिल्या एसटीनं मुरबाड, तिथून कल्याण, कल्याणहून पनवेल, पनवेलहून अलिबाग. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा त्याची चिंता नव्हती. दिपालीनं नारळाच्या वाडीतली दोन खाटांची एक खोली सांगून ठेवली. संध्याकाळी बियर, रात्री गप्पा, सकाळी समुद्र बघायचा आणि परत. भागीरथीनं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून.

"लुगडं कुठलं नेसू?" तिनं विचारलं.

"तिथं कुणी बघत नाही गो आई."

"बघत नाय कसे? पन्नाशीची बाय ग्लास घेऊन बसल्यावर गाढव पन बघंल."

दिपाली हसून हसून बेजार झाली. भागीरथीनं त्या रात्री सगळे निजल्यावर पेल्यात आंबट ताक ओतलं आणि आरशापुढं उभं राहून पिऊन बघितलं. पेला कसा धरायचा, डोक्यावरचा पदर राहतो की घसरतो. पदर राहिला. तिला जरा धीर आला.

आता प्रश्न घरातून निघायचा. आमच्याकडं बाईमाणसाला एक रात्र बाहेर राहायला तीनच कारणं चालतात: बाळंतपण, लग्न आणि मरण. माहेरी जाते म्हणावं, तर उंबरमाळीच्या घराला कुलूप. आईबाप कधीच गेले, पाठीला भाऊ नाही. बंद घरात काय घुशींशी गप्पा मारायला जाणार? नात्यात कुणी पोटुशी नाही. लग्न म्हणावं तर कुंडलिक पत्रिका मागणार. राहिलं मरण.

पण मारायचं कुणाला? जिवंत माणसाचं मरण तोंडातून काढायचं म्हणजे पाप. उद्या त्याला काही झालं तर जन्माची टोचणी. भागीरथीनं खूप विचार केला आणि तिला वाटलं, आपण फार हुशारीचा मार्ग काढला. तिनं मेलेल्या माणसालाच पुन्हा मारायचं ठरवलं.

अलिबागच्या पुढच्या रेवदंड्याची सोमी मावशी, तिच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तीच तिचं माहेर. ती लॉकडाऊनात गेली. मावशीच्या मुलाचा, नामदेवाचा, फोन आला तेव्हा रस्ते बंद होते, जाणं शक्य नव्हतं. आणि कमळाकरला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. अनिता अजून पुरतं जेवत नव्हती. या पोरीच्या कानावर आणखी एक मरण कशाला घालायचं, म्हणून भागीरथीनं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. एकटीच न्हाणीत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, तोंडात पदर कोंबून रडली आणि बाहेर येऊन भाकऱ्या थापल्या. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून गुरुवारी तिनं कुंडलिकला सांगितलं, "सोमी मावशी गेली. आपल्याला कलवायचं राह्यलं त्यांचं. शनवारी दहावं हाय. मी जाऊन येते, एक रात लागंल."

हे सांगताना तिचा आवाज आपसूक भरून आला. त्यात नाटक नव्हतं. या मावशीला ती मोठ्यानं कधी रडलीच नव्हती.

कुंडलिकनं डोक्यावरची टोपी काढली. "अरे रे," म्हणाला. "लई मायेची बाय होती." मग म्हणाला, "एकटी कशी जातेस? मी येतो."

"तुमची पाली हाय ना?"

"सुट्टी टाकतो. मरनाला बोलावनं लागत नाय न् सुट्टी बी नडत नाय."

लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मरणाला बोलावण्याची वाट बघू नये, हे या भागातलं शेंबडं पोरगंही सांगेल. भागीरथीनं स्वतः ते शंभर वेळा सांगितलं असेल. पण रेवदंडा पडलं लांब, एवढ्या लांब कोण येतंय, असा तिचा हिशेब. त्यात ती फसली. भातझोडणी उरकलेली, वाल उपटायला अजून अवकाश, बायका घरात मोकळ्या. असा मोकळा आठवडा आणि मरणाची खबर एकत्र आली, की आमच्या गावातून गाडी निघालीच म्हणून समजावं.

आणि खरा घाव पुढंच होता. अनिता चुलीपाशी बसली होती. तिनं ऐकलं, हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाय, मी येनार."

थोरल्या जावेला ती बाय म्हणायची. कुठंही जायचं म्हटलं की नको म्हणणारी ही बाई. गावच्या जत्रेला जात नाही, हळदीला जात नाही. "माज्या टायमाला मावशी आलेली," ती म्हणाली. "तेरा दिस माज्याजवल बसलेली. मी नाय जानार तर कोन जानार?"

संध्याकाळपर्यंत शेजारची मीना तयार झाली. मग भावकीतल्या दोघी म्हाताऱ्या. कुंडलिकनं अक्षयची इको गाडी ठरवून टाकली. शुक्रवारी सकाळी भागीरथीनं एकदा घोडं पुढं दामटून पाहिलं. "त्यांनी घरच्या घरी उरकायचं ठरवलंय म्हने, गर्दी नको बोलले." कुंडलिक म्हणाला, "सगलेच तसं बोलतात. गेल्यावर बरं वाटतं मानसाला." ती पुढं काय बोलणार? गेल्या वर्षी मीनाच्या सासऱ्याच्या वेळी तिनं स्वतः हेच म्हटलं होतं.

आंब्याखाली जाऊन तिनं दिपालीला फोन केला. दिपाली आधी खदखदून हसली. "आख्खा गाव घेऊन येतेस की काय? आण, सगळ्यांना पाजते!" मग हसू थांबलं. "आई, अनिताकाकी पण?"

"हां."

"मग कसं करणार गो?"

"बगते. अलिबाग लागलं का मी गाडीतनं उतरंन. सांगंन, तुमी पुडं व्हा, मना देवलात जायाचंय."

"आणि रात्र?"

"ते बी बगते," म्हणून भागीरथीनं फोन ठेवला. खरं म्हणजे गाडी रेवदंड्याला पोचल्यावर पाच वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या दारात हे सगळे काय बघणार, हेही तिनं ठरवलं नव्हतं. आजारी पडावं तर जाणंच रद्द. खरं सांगावं तर कायमचंच रद्द. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं काडीही दिसत नव्हती. तरी ती थांबली नाही. शनिवारच्या पहाटे तिनं पिशवीत लुगडं भरलं, दिपालीला आवडतात म्हणून तांदळाचे पापड भरले आणि सगळ्यांबरोबर गाडीत बसली. माणूस कधी कधी नुसतं लेकीच्या दिशेनं चार कोस गेलं तरी बरं वाटतं म्हणून निघतं.

मुरबाडला एसटी स्टँडच्या बाहेर अक्षयनं गाडी थांबवली. चहा घेऊ म्हणाला, आणि मग रेवदंड्यात नेमकं कुठं जायचं ते विचारलं.

"समुद्राच्या बाजूला हाय," भागीरथी म्हणाली.

"काकी, रेवदंडा समदा समुद्राच्याच बाजूला हाय. लोकेशन मागवा ना."

"नामदेवचा नंबर माज्याकडं असंल," कुंडलिक म्हणाला. "मावशी आलेली तवा घेतलेला." आणि जुन्या फोनवर एकेक नाव सरकवत तो उसाच्या गुऱ्हाळाकडं चालत गेला.

भागीरथी गाडीतून उतरली. ती त्याच्या मागं गेली. फोन लागला. कुंडलिक आधी मोठ्यानं बोलला, "नामदेव, आमी निघालो रे, मुरबाडला हाव." मग बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "नाय नाय, माजीच चूक झाली. ठेव." आणि वळला, तर भागीरथी समोरच उभी.

"पाच वर्सं झाली मावशीला," तो म्हणाला.

"हां."

"तुला म्हाईत होतं."

"हां."

"मंग कुटं चाललीस?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "दिपालीकडं," ती म्हणाली. "परवा ती शिलाँगला चालली, तीन वर्सं. तिनं आपल्या झिनीची बियर केली. ती प्यायला चालले."

तिला वाटलं आता हा ओरडेल. स्टँडवरची माणसं जमतील. एका परीनं तिला तेच हवं होतं. ओरडला असता तर तीही ओरडली असती, आणि त्या भरात समोरच्या एसटीत चढून बसली असती. पण कुंडलिक ओरडला नाही. तो गुऱ्हाळाच्या बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्या दोन हातांत त्यानं भावाचं डोकं धरलं होतं, हे तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

"ती कल्यानची एसटी हुबी हाय," तो अखेरीस म्हणाला. "जायचं तर जा. मी आडवत नाय. घरी आलीस का काय बोलनार बी नाय. पन गाडीतल्या बायांना सांगून जा. अनिताला तूच सांग कुटं चाललीस ती. माज्यानं नाय सांगवनार."

भागीरथीला क्षणभर पटेना. वाट मोकळी होती. कंडक्टर खाली उभा राहून "कल्याण, कल्याण" ओरडत होता. फक्त गाडीपर्यंत जायचं, पिशवी उचलायची आणि एक वाक्य बोलायचं. ती चालायला लागली आणि चालता चालता वाक्य जुळवू लागली. अनिता, मी दिपालीला भेटायला चालले. एवढंच पुरे, बियरचं बोलायलाच नको. पण बाकीचं? तू जिच्यासाठी निघालीस ती कधीच मेली, मी तुला सांगितलं नाही, आणि आज तिच्या मरणाचं निमित्त करून जिथं चालले तिथं दारू करतात. यातलं एक वाक्य सांगितलं की दुसरं आपोआप येणारच होतं.

गाडीचं दार उघडं होतं. मीना आणि म्हाताऱ्या चहाला गेल्या होत्या. अनिता एकटीच बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन.

"अनिता," भागीरथी म्हणाली. "तुला एक सांगायचंय."

"मना बी सांगायचंय बाय," अनिता म्हणाली. तिनं डब्याचं झाकण उघडून दाखवलं. नाचणीची भाकर होती आणि सुक्या बोंबलाची चटणी. "मावशीला आवडायची. कावल्याच्या पानावर ठेवायला पहाटं उठून केली." मग तिनं झाकण लावलं आणि खाली बघत बोलली, "तुला कवा बोलले नाय. हे गेले त्याच्या नवव्या दिवशी मी हिरीवर गेलेली. पानी आनाया नाय. मावशी मागनं आली. काय बोलली नाय, नुसता माजा हात धरून बसली काठावर. उजाडलं तवा म्हनली, चल, आता च्या घेव. कुनाला सांगितलं नाय तिनं. तुला बी नाय ना?"

भागीरथीनं मान हलवली. मावशीनं खरंच सांगितलं नव्हतं.

"आज तिच्या पानावर येवढं ठेवलं ना, का माजं फिटलं," अनिता म्हणाली. "बोल, तू काय सांगतेस?"

मागं एसटीचं इंजिन सुरू झालं. कंडक्टरनं दार ओढून घेतलं. या बाईला आता काहीही सांगितलं तरी तिच्या मांडीवरचा डबा हिरावल्यासारखंच होतं. खरं सांगून हिरावायचा की खोटं सांगून, एवढंच आपल्या हातात आहे हे तिला कळलं. आणि तिनं खोटं उचललं.

"दहावं झालं गो," ती म्हणाली. "काल झालं. आपली तिथी चुकली."

एसटी स्टँडबाहेर पडून कल्याणच्या रस्त्याला लागली. भागीरथीनं ती जाताना पाहिली आणि गाडीत चढून अनिताशेजारी बसली.

चहाला गेलेल्या बायका परतल्या. कुंडलिक आला. चुकलं कसं, कुणाचं चुकलं, यावर थोडा वेळ गलका झाला. मीना म्हणाली, "येवढं निघालोच तर भेटून तरी येव." भागीरथीच्या मनात पुन्हा काहीतरी हललं. पण कुंडलिक समोरच्या सीटवर बसत म्हणाला, "घराला कुलूप हाय. समदी नाशकाला गेलीत." आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, पण बायकोसाठी बोलला, आणि चांगलं बोलला. भागीरथीला त्याचे उपकार वाटले आणि त्याच क्षणी त्याचा इतका राग आला की तिनं डोळे मिटून घेतले. तिला उघडं पाडलं असतं तर बरं, असं झाकून घेऊन त्यानं तिची शेवटची वाटही बंद केली होती. अक्षयनं गाडी वळवली.

सरळगावच्या अलीकडं भागीरथीचा फोन वाजला. ती तो कापायला गेली, पण शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "उचल गो, त्यांच्याकडचा असंल." सगळ्याजणी बघत होत्या. तिनं उचलला.

"आई, कुठवर आलीस?" दिपालीचा आवाज. मागं टाकीची घरघर ऐकू येत होती. "मी खोलीवर फुलं आणून ठेवली आहेत."

"नाय जमत यायला," भागीरथी म्हणाली. "तिथी चुकली."

पलीकडची घरघर लांब गेली. मग दिपालीनं हळू विचारलं, "सगळे बाजूला आहेत?"

"हां. सगलीच हायत."

"काकी पण?"

"हां."

"आई, मग एवढंच सांग. हो की नाही? चाखलं नाहीस तरी सांग. ही ती आहे का?"

चार दिवस भागीरथी जे वाक्य जपून चालली होती, ते बोलायची वेळ आली होती. तिच्या खांद्याला अनिताचा खांदा लागलेला. समोर कुंडलिकची मान, ताठ. त्यालाही ऐकू जात असणार. "नाय" एवढंच म्हणायचं होतं. ते कुणाला कळलंही नसतं. पण तिला वाटलं, अनिताच्या अंगाला अंग लावून हे आपल्याच्यानं निघणार नाही. आणि निघालं नाही.

"बरं," बऱ्याच वेळानं दिपाली म्हणाली. "कळलं मला. तब्येतीला जप."

फोन बंद झाला.

"कोन होती?" मीनानं विचारलं.

"मावशीची लेक," भागीरथी म्हणाली.

"काय म्हनली?"

"काय नाय. तब्येतीला जप म्हनली."

बायका हळहळल्या. एवढं मोठं दुःख पडलं, तरी पोरगी दुसऱ्याची विचारपूस करते, चांगल्या वळणाची म्हणायची, असं म्हातारी म्हणाली. मग भागीरथीला रडू फुटलं. अनितानं डबा बाजूला ठेवला आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "रड बाय, रड," ती म्हणाली. "तुजी आईच होती ती." भागीरथी रडत राहिली, आणि टोकावडं येईपर्यंत तिला कुणीही थांबवलं नाही.